शब्द अडला की आधी त्याची शेपटी सोडवा

चौथीतली एक मुलगी माझ्यासमोर बसून गोष्ट वाचत होती. आवाज स्वच्छ, वेग चांगला, स्वल्पविरामाला नेमकी थांबत होती. ‘त्याच्या अनवधानाने दार उघडे राहिले आणि पोपट उडून गेला’ हे वाक्य तिनं जराही न अडखळता वाचलं आणि ती पुढे निघाली. मी तिला थांबवलं. “दार उघडं का राहिलं गं?”

“त्यानं उघडलं म्हणून.”

“मग अनवधानाने म्हणजे काय?”

तिनं वाक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बाई, वधान म्हणजे काय?”

मला इतका आनंद झाला! तिनं शब्द तोडला होता. चुकीच्या जागी तोडला होता, पण तोडला होता. मी कागदावर एका बाजूला ‘अवधान’ लिहिलं आणि त्याच्या आधी पाय मोडलेला ‘न्’ घेऊन येणारा ‘अन्’ लिहिला. अवधान म्हणजे लक्ष, एवढंच सांगितलं. ती दोन्ही तुकडे जोडून म्हणाली, “म्हणजे लक्ष नव्हतं! म्हणून दार उघडं राहिलं!” मग तिनं ते वाक्य आपणहून पुन्हा वाचलं, आणि या वेळी ‘अनवधानाने’वर तिचा आवाज किंचित थांबला. कळलेला शब्द मूल असं वाचतं.

मी तीस वर्षं भाषा शिकवली. त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं मी धड्याखालचे शब्दार्थ पाठ करून घेत होते. ‘दुर्गम – जाण्यास कठीण’. मुलं घडाघडा म्हणून दाखवायची. आठवड्याभरानं दुसऱ्या उताऱ्यात ‘दुर्गमतेमुळे’ आलं की तीच मुलं गप्प. मी अर्थ दिला होता, पण अर्थापर्यंत जायची वाट दाखवली नव्हती. आता मी जे करते ते खाली सांगते. घरी आई-बाबांना, आजी-आजोबांना जमेल असंच आहे सगळं.

आधी ओळखा: डोळा अडलाय की कान?

देवनागरीत लिहिलेलं बहुतेक जसंच्या तसं उच्चारता येतं. ही फार मोठी सोय आहे, पण तिच्यामुळेच आपण फसतो. न कळलेला शब्दही मूल सुरळीत वाचून जातं आणि आपल्याला वाटतं, छान चाललंय. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाची एक साधी मांडणी केली: वाचून कळणं म्हणजे अक्षरांचा उलगडा गुणिले भाषेची समज. बेरीज नव्हे, गुणाकार. दोन्हींतलं एक जरी शून्य असलं तरी उत्तर शून्य. मला ही मांडणी रोज उपयोगी पडते, कारण ती मला पहिला प्रश्न विचारायला लावते.

तो प्रश्न असा. मूल अडलं की शब्द तुम्ही स्वतः मोठ्यानं म्हणा आणि विचारा, “हा शब्द ऐकून तुला कळला का?” चेहरा उजळला आणि “हां, ते होय!” असं आलं तर कान शब्दाला ओळखतो, डोळा अडलाय. चेहरा कोराच राहिला तर अर्थ अडलाय. दोन्हींवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. अक्षरात अडलेल्या मुलाला अर्थ सांगत बसलात तर ते कंटाळतं, आणि अर्थात अडलेल्याला “नीट वाच, पुन्हा वाच” म्हणत राहिलात तर ते बिचारं तोच शब्द तितकाच नीट दहा वेळा वाचतं.

डोळा अडला असेल तर

अडण्याच्या जागा मोजक्याच असतात. सगळ्यात जास्त चकवतो तो रफार. तो डोक्यावर असतो पुढच्या अक्षराच्या, पण उच्चारायचा त्या अक्षराच्या आधी. ‘निर्मनुष्य’ हा शब्द मी ‘निमर्नुष्य’ असा कितीदा ऐकला आहे! मुलाला दिसतो तो म, त्यावरचा रफार नंतर दिसतो, म्हणून तो नंतर उच्चारला जातो. इथे बोट ठेवून एकच सांगा: “टोपी घातलेल्या अक्षराच्या आधी र म्हण.” नि-र्-म. तीन-चार शब्दांत सवय होते.

पहिल्या वेलांटीचंही तसंच. ती अक्षराच्या आधी काढतात, पण उच्चारतात नंतर. साध्या अक्षराला मुलं केव्हाच सरावलेली असतात. जोडाक्षर आलं की मात्र गडबडतात, कारण तिथे वेलांटी अख्ख्या जोडीच्या आधी उभी असते. ‘उद्विग्न’ हा शब्द मी कागदावर मोडून लिहिते: उ – द् – वि – ग् – न. आधी तुकडे सावकाश, मग दोन-दोन जोडून, मग एका दमात. ‘द्व’, ‘द्ध’, ‘द्य’, ‘ह्म’ ही छापात एकमेकांत मिसळून गेलेली अक्षरं असतात, त्यांना असं सुटं करून दाखवलं की मुलांना हायसं वाटतं.

आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ हे दोन शब्द एकदा तरी शेजारी शेजारी लिहून दाखवा. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरांमधल्या. फरक फक्त र कसा लिहिलाय एवढाच. माझ्या वर्गात हे पाहिल्यावर मुलं पुढे आठवडाभर पुस्तकांत असा आडवा र शोधत होती.

एक गोष्ट मात्र करू नका. “पहिलं अक्षर बघ, चित्र बघ आणि काय असेल ते ओळख” असं सांगू नका. केनेथ गुडमन यांनी १९६७ मध्ये वाचन हा एक प्रकारचा अंदाजाचा खेळ आहे असं मांडलं होतं आणि त्यातून जगभर शाळांत ही पद्धत रुजली. पुढच्या संशोधनात उलटंच दिसत गेलं: चांगलं वाचणारी मुलं अक्षरं पूर्ण पाहतात, शब्द ओळखण्यासाठी अंदाजावर जास्त विसंबतात ती अडखळत वाचणारी. एका मुलानं माझ्यापुढे ‘कृतघ्न’च्या जागी ‘कृतज्ञ’ वाचलं. सुरुवात सारखी, लांबी सारखी, अंदाज बरोबर वाटण्यासारखा. पण गोष्टीतला कोल्हा उपकार विसरणारा होता, आणि या वाचनात तो उपकार जाणणारा झाला! अख्खी गोष्ट उलटी फिरली. अंदाज करायचा तो अर्थाचा, अक्षरांचा कधीच नाही.

अर्थ अडला असेल तर

इथे खरं काम आहे, आणि मराठीत ते शेवटापासून सुरू होतं.

आपले शब्द वाक्यात येताना शेपटी लावून येतात आणि शेपटी लावताना अंगही बदलून घेतात. ‘ससा’ आपण सगळे ओळखतो, पण पुस्तकात येतो ‘सशाने’. घसा असतो, पण दुखतं ‘घशात’. देऊळ ‘देवळात’ होतं, कापूस ‘कापसाचा’, पाऊल ‘पावलांनी’. बोलण्यात मुलांना हे सहज येतं. अनोळखी शब्दाच्या बाबतीत मात्र मूळ रूप कोणतं हे त्यांना ठाऊक नसतं, म्हणून ‘कपारीतून’ हा शब्द त्यांना एकच मोठा दगड वाटतो.

म्हणून पहिली सूचना: शेपटी सोडव. ‘तून’ काढ. काय उरलं? ‘कपारी’. कपारीतून, कपारीला, कपारीजवळ, मग नुसतं एकटं असेल तर काय म्हणशील? इथे मुलाला ओळखीचा शब्द द्या. “विहिरीतून म्हणतो, तेव्हा एकटी असते ती काय?” विहीर. “मग कपारीतून?” कपार! हे ओळखीच्या शब्दाला टेकून अनोळखी शब्दाचं मूळ काढणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. व्याकरणातलं सामान्यरूप हे नाव तिसरी-चौथीच्या मुलाला माहीत नसलं तरी चालतं. जोडीदार शब्द सापडला की काम होतं.

या पायरीवर अवश्य रेंगाळा. ‘शिळेवर’ या शब्दानं माझ्या वर्गात केवढी चर्चा झाली होती! वाक्य होतं, ‘दमलेला वाटसरू एका शिळेवर टेकला.’ एक मुलगा म्हणाला, शिळं म्हणजे कालचं, म्हणजे कालच्या कशावर तरी बसला. मी म्हटलं, “गुहेत म्हणजे कशात?” गुहा. “दिशेने म्हणजे?” दिशा. “मग शिळेवर?” शिळा. आता त्याला दोन शिळा सापडल्या, एक अन्नाला लावतो तो आणि एक हा नवा, ज्यावर बसता येतं. वाक्यात टेकायला जागा हवी होती. वाटसरू रानात होता. “दगड असेल,” तो म्हणाला. मी त्याला फक्त एवढंच सांगितलं की मोठा, सपाट दगड.

क्रियापदांनाही हेच लागू. ‘न्याहाळत’, ‘न्याहाळल्यावर’, ‘न्याहाळणारा’ या सगळ्यांच्या शेवटी ‘णे’ लावून बघायचं: न्याहाळणे. कोशातही तो याच रूपात सापडतो.

शेपटी सुटली की उरलेल्या शब्दाचं डोकं बघायचं. अ, अन्, निर्, दुर्, सु, बे, गैर, ना, बिन एवढी नऊ डोकी मुलाला हळूहळू ओळखीची झाली तरी केवढी दारं उघडतात! ती एकदम पाठ करून घेऊ नका. शब्द भेटेल तसतशी एकेक ओळख करून द्या आणि लगेच त्याचे सोयरे गोळा करा. ‘दुर्गम’ आला तर दुर्गंध, दुर्दैव, दुर्लक्ष या ओळखीच्या शब्दांत ‘दुर्’ काय करतो ते आधी विचारा. मग ‘गम’कडे वळा: आगमन, संगम, सुगम. सगळीकडे कुठे ना कुठे जाणं आहे. मग ‘जायला अवघड’ हे मूलच म्हणेल, आणि ‘दुर्गमतेमुळे’ समोर आलं तरी घाबरणार नाही.

‘कृतघ्न’च्या जागी ‘कृतज्ञ’ वाचणाऱ्या त्या मुलाला मी विचारलं होतं, “शत्रुघ्न हे नाव ऐकलंयस? शत्रूचं काय करतो तो?” मारतो. “मग कृतघ्न? कृत म्हणजे केलेलं.” तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “केलेलं मारतो. म्हणजे आपण त्याच्यासाठी केलेलं तो मारून टाकतो.” यापेक्षा नेमकी व्याख्या मी शब्दार्थांत कधी लिहून दिली नव्हती.

तोडण्यात चुका होणारच. ‘सुतार’मध्ये सु नाही, ‘बेत’मध्ये बे नाही, ‘अगदी’तून अ काढला तर हातात काहीच राहत नाही. अशा वेळी मुलाला चूक म्हणू नका. “तोडल्यावर दोन्ही तुकड्यांना काही अर्थ उरतोय का?” एवढं विचारा. नसेल उरत तर तो शब्द न तोडायचा आहे, आणि हे मूल स्वतःच ठरवतं. ‘जलद’ तोडला तर पाणी देणारा, म्हणजे ढग, असा छान अर्थ निघतो, पण ‘जलद गाडी’तल्या जलदचा पाण्याशी काही संबंध नाही. तोडून आलेला अर्थ वाक्यात बसतो का हे बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, ते यासाठीच.

वाक्याला विचारा, पण त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका

शब्दाच्या आजूबाजूला पाहायचं म्हणजे नेमकं कुठे पाहायचं, हे मुलांना दाखवावं लागतं. मी त्यांना छोटे शब्द शोधायला लावते. ‘म्हणजे’, ‘अर्थात’ आले की पुढे अर्थच ठेवलेला असतो. ‘पण’, ‘मात्र’, ‘उलट’, ‘असूनही’ आले की अर्थ पलटतो. ‘सगळे आनंदाने नाचत होते, तो मात्र खिन्न बसला होता.’ ‘मात्र’वर बोट ठेवलं की खिन्न म्हणजे आनंदीच्या उलट काहीतरी, एवढं पहिलीतलं मूलही सांगतं. ‘म्हणून’ आणि ‘कारण’ आले की एका बाजूचं कळलं तर दुसऱ्या बाजूचं बरंचसं कळतं.

पण प्रत्येक वाक्य मदत करतंच असं नाही. इसाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हेच दाखवून दिलं: काही संदर्भ अर्थाकडे नेतात, काही काहीच सांगत नाहीत, काही चक्क भलतीकडे नेतात. ‘नव्या घरात, आवडत्या माणसांत ती खिन्न होती’ एवढंच वाक्य असतं, तर कोणतंही मूल खिन्न म्हणजे खूश समजेल, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. म्हणून पुढची दोन वाक्यं वाचायला सांगा आणि अंदाज हातात सैल धरायला शिकवा. मी विचारते, “तुला किती खात्री आहे? पूर्ण, अर्धी की जराशी?” जराशी म्हणणारं मूल पुढे वाचताना सावध असतं.

शेवटी, काढलेला अर्थ शब्दाच्या जागी ठेवून वाक्य मोठ्यानं वाचायचं. ही पायरी मी कधीच गाळू देत नाही.

आता न अडणाऱ्या शब्दांबद्दल थोडं. ‘नदीचे पात्र कोरडे पडले’ या वाक्यात एका मुलीनं नदीकाठी ठेवलेलं भांडं पाहिलं होतं. तिला पात्र हा शब्द येत होता, म्हणून ती थांबलीच नाही. मान, कर, वर, पात्र हे शब्द अनोळखी शब्दांहून जास्त लपून बसतात. त्यावर मला एकच उपाय सापडला आहे: परिच्छेद संपला की “तुला आता काय दिसतंय?” असं विचारायचं. मूल भांडं सांगतं आणि मग तुम्हाला कळतं.

तुम्ही किती वेळ गप्प राहायचं

मूल थांबलं की मनात पाचपर्यंत मोजा. मला सुरुवातीला हे फार जड गेलं, दोनवरच माझ्या तोंडून शब्द निघायचा. पण तिसऱ्या-चौथ्या आकड्याला मुलं बऱ्याचदा स्वतःच सावरतात.

आणि प्रत्येक शब्दाला थांबवू नका. गोष्ट रंगात आली असेल, राजपुत्र कड्यावर लोंबकळत असेल, तर अर्थ पटकन सांगून टाका आणि पुढे जाऊ द्या. एखाद्या पक्ष्याचं किंवा झाडाचं नाव तोडून काही हाती लागत नाही, तेही सांगून टाका. मी एका बैठकीत दोन किंवा तीन शब्दच सोडवायला घेते, आणि ते असे निवडते की जे दुसऱ्या पुस्तकातही भेटतील. ‘अनवधान’ भेटेल, ‘उद्विग्न’ भेटेल.

पुस्तकच फार अवघड असेल तर यातलं काहीच चालत नाही. हू आणि नेशन यांनी २००० मध्ये परकी भाषा म्हणून इंग्रजी वाचणाऱ्यांना गोष्टी वाचायला देऊन पाहिलं, तेव्हा मदतीशिवाय नीट कळण्यासाठी शंभरातले सुमारे ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात असं दिसलं. म्हणजे दोनशे शब्दांच्या पानावर अनोळखी चारच. घरी यासाठी एक हात पुरतो: एका पानावर प्रत्येक अनोळखी शब्दाला एक बोट मिटायचं, मूठ बंद झाली तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं.

सोडवलेला शब्द एकदाच भेटून राहत नाही. स्वानबोर्न आणि डी ग्लॉपर या अभ्यासकांनी १९९९ मध्ये अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा सहज वाचताना भेटलेल्या शंभर अनोळखी शब्दांपैकी सुमारे पंधराच लक्षात राहतात असं निघालं. म्हणून आमच्याकडे एक वही असते. तिच्यात शब्द, तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य आणि त्याचे सोयरे लिहायचे. अर्थ लिहायचा असेल तर मुलाच्याच शब्दांत, ‘केलेलं मारून टाकणारा’ असा. तोच शब्द पुन्हा कुठे भेटला की खाली एक खूण. काही शब्दांखाली खुणांची रांग लागते आणि ती मोजायला मुलांना फार आवडतं.

कोश सगळ्यात शेवटी उघडायचा, पण उघडायचा जरूर. शेपटी सोडवायला शिकलेलं मूलच कोशात शब्द शोधू शकतं, कारण तिथे ‘सशाने’ नसतो, ‘ससा’ असतो. क्ष आणि ज्ञ काही कोशांत क आणि ज मध्ये असतात, काहींत अगदी शेवटी, हे आधी सांगून ठेवा. आणि एका शब्दापुढे चार अर्थ दिसले तर पहिलाच उचलू देऊ नका, चारही वाक्यात ठेवून बघायला लावा.

मागच्या महिन्यात पाचवीतला एक मुलगा ‘आजानुबाहू’ या शब्दापाशी थांबला. आधी त्यानं ‘आजा’ वेगळा काढला. आजोबांचे हात? त्याचं त्यालाच पटलं नाही, कारण गोष्टीतला योद्धा तरुण होता. मी म्हटलं, “आजन्म म्हणजे?” जन्मभर. “आकंठ?” गळ्यापर्यंत. मग त्यानं ‘आ’ वेगळा काढला. बाहू त्याला येत होता. मध्ये उरला ‘जानु’. तो माझ्याकडे बघायला लागला आणि मलाही त्या क्षणी तो आठवेना. “मलाही बघावं लागेल,” मी म्हटलं, आणि आम्ही दोघांनी कोशाची पानं उलटली. जानु म्हणजे गुडघा.

तो खुर्चीतून उठला, ताठ उभा राहिला आणि दोन्ही हात खाली सोडून बोटांची टोकं कुठवर पोचतात ते वाकून न बघता चाचपू लागला. गुडघ्याच्या बरीच वर राहिली. मग तो पुन्हा बसला आणि ते वाक्य पहिल्यापासून वाचायला लागला.